फुंकणीचा गाल

मला झालेला आजार दुर्मिळ आहे. हे मला इतक्या जणांनी आणि इतक्या कौतुकानं सांगितलं, की मध्यंतरी वाटायला लागलं, आता शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतात की काय. 'लाखात एखाद्याला होतं हो!' असं म्हणताना माणसांचे डोळे चमकतात. जसा काही मी लॉटरीच जिंकून आलोय.

लाळेच्या ग्रंथीत गाठ. कानाच्या पुढे-खाली, जबड्याच्या कोपऱ्याशी एक मोठी ग्रंथी असते, दोन्ही बाजूंना एकेक. माझ्या उजव्या बाजूला तिथे गाठ झाली, कापली, आणि मी अजून आहे. वैद्यकशास्त्र एवढंच. बाकीचं ज्याला हवं त्यानं मोबाइलवर बघावं. नाहीतरी आजकाल प्रत्येकाच्या खिशात एक डॉक्टर असतो आणि तो खऱ्या डॉक्टरपेक्षा जास्त बोलतो.

हे लिहितोय ते कोणासाठी? ज्याच्या कानाखाली असं काही हाताला लागतंय आणि ज्याला आजूबाजूचे शहाणे 'काही होत नाही रे' म्हणतायत, त्याच्यासाठी. शहाण्यांनी वाचू नये. त्यांना सगळं येतं. आमचा प्रभाकर हे वाचून मला शिव्या देईल. देऊ दे, त्याच्या शिव्यांची मला सवय आहे.

आमची निशाणी

मी सोनार. नाशिकच्या सराफ बाजारात आजोबांपासून आमचं बाकडं आहे. काचेचं दार नाही, एसी नाही, हसऱ्या पोरी नाहीत. मी झाळकाम करतो, म्हणजे तुटलेला दागिना सांधतो. त्यासाठी फुंकणी लागते. फुंकणी म्हणजे पुढे वाकलेली पितळी नळी. एक टोक ओठांत धरायचं, दुसरं दिव्याच्या ज्योतीशी न्यायचं आणि फुंकायचं. ज्योत आडवी होते, सुईसारखी बारीक होते आणि नेमकी सांध्यावर जाते. श्वास नाकानं घेत राहायचा, हवा गालांतून सोडत राहायची. ज्योत तुटता कामा नये, हलताही कामा नये. हलली तर सांधा राहतो बाजूला आणि बाईच्या आजीच्या नथीचा गोळा होतो.

आता टॉर्च आले. बटण दाबलं की आग. माझा मुलगा निखिल गंगापूर रोडच्या एका मोठ्या शोरूममध्ये बसतो, तिथे तेच. कोट घालून बांगड्या दाखवतो आणि स्वतःला ज्वेलर म्हणवतो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. बटण दाबून आग काढणारा जर कारागीर, तर कोपऱ्यावरचा चहावालाही सोनारच की!

तर आमच्या गल्लीत एक समजूत होती. वर्षानुवर्षं फुंकणी मारली की कारागिराच्या कानाखाली गाठ येते. तिला म्हणायचं 'फुंकणीचा गाल'. पैलवानाचा जसा मोडलेला कान, तशी सोनाराची ही निशाणी. माझ्या लहानपणी गल्लीच्या तोंडाशी नानाशेठ बसायचे. त्यांच्या हाताला तोड नव्हती. त्यांच्या डाव्या कानाखाली लिंबाएवढा फुगवटा होता. कोणी कामात खोट काढली की ते त्यावर टिचकी मारून म्हणायचे, "ही बघितली का? आधी ही आण, मग बोल." शेवटी शेवटी त्यांचं तोंड वाकडं झालं, एक डोळा मिटेना, आणि गेले. लकवा मारला, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो असेन.

त्यामुळे माझ्या कानाखाली हरभऱ्याएवढं काही हाताला लागलं तेव्हा मी घाबरलो? डोंबल! मी खूश झालो. समोरच्या बाकड्यावरचा प्रभाकर माझ्याबरोबरचा, दोघंही एकाच वर्षी फुंकणी धरायला बसलेलो. त्याला डाव्या बाजूला आधीच आलेली होती आणि त्याचा त्याला भारी माज. माझी बोटानं दाबून बघितली आणि म्हणाला, "कच्ची आहे अजून. अजून दहा वर्षं फुंक, लेका."

हरभऱ्याची सुपारी झाली. सुपारीपेक्षाही मोठी झाली. आम्ही दोघं आरशात बघून तुलना करायचो. पन्नाशी ओलांडलेले दोन घोडे!

दाताच्या निमित्तानं

माझी दाढ दुखायला लागली म्हणून बायको, मंदा, मला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तो पोरसवदा डॉक्टर दाढ बघायची सोडून कानाखालीच चाचपत बसला.

"काका, हे कधीपासून आहे?"

"ते सोड. तो फुंकणीचा गाल आहे."

"म्हणजे?"

मी त्याला सविस्तर सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि दाढेला हात न लावता मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "याला दाढ काढता येत नाही म्हणून मला टोलवतोय." मंदानं रिक्षा थांबवली आणि सरळ इस्पितळाचं नाव सांगितलं. तीस वर्षांच्या संसारात तिनं मला न विचारता रिक्षा पहिल्यांदाच थांबवली.

तिथे गाठीत सुई घालून थोडा अंश काढला. हे मला पटलं. आम्हीही सोनं असंच तपासतो, एवढंसं कसोटीवर घासतो आणि बाकीच्याची लायकी सांगतो. फरक इतकाच की आम्ही गिऱ्हाइकाला समोर बसवून लगेच सांगतो, आणि हे आठवडाभर लटकवून ठेवतात. तेवढ्या दिवसांत माझी काय अवस्था झाली ते विचारू नका. मी एकाही दागिन्याला हात लावला नाही. 

निकालाच्या दिवशी समोर सर्जन बाई होत्या. माझ्या मुलीच्या वयाच्या असतील, मला मुलगी असती तर. बारीक चण, केस मागे घट्ट बांधलेले, आवाज एकसुरी. म्हणाल्या, "आज तरी ही गाठ वाईट नाही. पण ठेवली तर पुढे बिघडू शकते. काढायला हवी."

"ही फुंकण्यामुळे येते ना?"

"नाही. फुंकणाऱ्यांच्या ग्रंथीत कधी कधी हवा शिरते आणि सूज येते, तेवढं खरं आहे. पण ती मऊ असते, उतरते. ही टणक आहे आणि वाढत राहिलेली आहे. ही हवा नाही."

घ्या! म्हणजे आमच्या गल्लीची समजूत अर्धी खरी होती. सगळं खोटं असतं तर एखाद्यानं तरी शंका घेतली असती. नानाशेठांना कधी तरुणपणी हवा भरून गाल सुजला असेल, उतरला असेल, आणि मग जे आलं ते उतरलंच नाही. पण तोवर त्याला नाव पडलं होतं. एकदा नाव पडलं की माणसं विचार करायचं सोडतात.

मी नानाशेठांचं सांगितलं. बाईंनी विचारलं, "आधी गाठ होती आणि मग तोंड वाकडं झालं?"

"हो. लकवा मारला."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे मी काही म्हणणार नाही. पण गाठीच्या बाजूचं तोंड हळूहळू वाकडं व्हायला लागलं, तर त्या माणसानं एक दिवससुद्धा थांबू नये."

 अख्ख्या गल्लीनं त्या माणसाच्या गाठीला नमस्कार केला होता!

बहुतेक, कधी कधी, काही

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. चेहरा हलवणारी नस याच ग्रंथीतून जाते. आत शिरते आणि तिला फांद्या फुटतात, कपाळाला, डोळ्याला, गालाला, ओठाला. गाठ काढणं अवघड नाही, नस सांभाळून काढणं अवघड.

"आणि नाही सांभाळली गेली तर?"

"त्या बाजूचा ओठ हलणार नाही. डोळा नीट मिटणार नाही. बहुतेक वेळा नस वाचते. कधी कधी दुखावते, मग काही महिन्यांत सुधारते."

बहुतेक, कधी कधी, काही. मी गिऱ्हाइकाला म्हटलं असतं, 'बाई, बहुतेक हे सोनं आहे', तर तिनं चप्पल काढली असती.

"मॅडम, मी फुंकणी मारतो," मी म्हटलं. त्यांना कळेना. एवढं शिकून फुंकणी माहीत नाही! मी त्यांच्या टेबलावरचं पेन उघडलं, आतली कांडी काढली आणि नळी ओठांत धरून फुंकलं. समोरचे कागद खाली पडले. मंदा मला कोपरानं ढोसत होती.

"ओठ गच्च मिटावे लागतात," मी म्हटलं. "कोपऱ्यातून एवढीशी हवा सुटली तरी ज्योत हलते. ओठ गेला तर मी गेलो."

बाईंनी कागद स्वतः वाकून उचलले. म्हणाल्या, "ओठाची फांदी सगळ्यात बारीक असते. मी जपेन. शब्द देत नाही."

त्या संपूर्ण इस्पितळात शब्द न देणाऱ्या त्या एकट्याच होत्या. बाकी लिफ्टवाल्यापासून सगळ्यांनी 'काका, शंभर टक्के बरे होणार' म्हणून टाकलं होतं.

समाचाराला येणारी जमात

आजारापेक्षा वाईट काय असेल तर समाचाराला येणारे. अर्धा डझन केळी आणतात, त्यातली दोन स्वतः खातात आणि बोलतात.

पहिला प्रश्न प्रत्येकाचा एकच. "तंबाखू खायचे का हो?" मी आयुष्यात सुपारीचं खांड चघळलं नाही. फुंकणीवाला तोंड स्वच्छ ठेवतो, आमच्यात तो धर्मच आहे. हे सांगितलं की पाहुणा निराश व्हायचा. माझी चूक सापडली असती तर त्याला घरी जाऊन निवांत झोप लागली असती. मंदाचे भाऊ तर डोळा मारून म्हणाले, "दाजी, आम्हाला तरी खरं सांगा." मी त्यांना खरं सांगितलं. ते अजून आमच्याकडे येत नाहीत.

दुसरी जमात उपायवाल्यांची. लेप लावा, अमुक पाला उकळून प्या. एकीनं गालगुंडावरचा लेप आणला. बाई, गालगुंड कुठे आणि हे कुठे! पण लाल लेपाची वाटी हातात धरून ती बसूनच राहिली, लावल्याशिवाय उठेना.

आणि प्रभाकर. मी त्याला डॉक्टर बाईंचं सगळं जसंच्या तसं सांगितलं, नानाशेठांसकट. म्हटलं, "तूही दाखवून ये." तो पार भडकला.

"कारागिराची निशाणी कापायला निघालास आणि मलाही बरोबर नेतोस! त्यांना काय, कापायलाच बसलेत ते. आणि अरुण्या, हा आजार लाखात एकाला होतो म्हणालास ना? मग एका गल्लीत दोघांना कसा होईल? अक्कल आहे का तुला?"

हा हिशेब गल्लीत सगळ्यांना पटला. दुर्मिळ आहे, अरुणला झालाय, म्हणजे बाकीचे सुटले. माझ्यावर बोट ठेवून अख्खा बाजार निश्चिंत झाला.

घरात वेगळंच चाललं होतं. निखिल म्हणाला, "बाबा, फुंकणीचं एवढं काय घेऊन बसलात? आता टॉर्च आहे. जीव महत्त्वाचा." तो बरोबर होता, म्हणूनच मला इतका राग आला. मी त्याला नको ते बोललो. शोरूमचा हमाल म्हणालो. तो ताटावरून उठला. त्याचं अर्धं जेवण ताटात तसंच, आणि मंदा ते ताट हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी.

रात्री मी तिला विचारलं, "माझं तोंड वाकडं झालं तर?"

ती म्हणाली, "आत्ता कुठे सरळ असतं?"

आणि आम्ही दोघंही हसलो. मग ती रडली, आणि मीही. पण आधी हसलो, हे मला लक्षात ठेवायचंय.

बाकावरचे दुर्मिळ

ऑपरेशनच्या आधी रक्त, फोटो, भूलवाले अशा खेपा असतात. त्या खेपांमध्ये मी एका लांब बाकावर बसायचो. एकदा शेजारी एक बाई येऊन बसल्या. डोक्यावर पदर, आणि पदराखाली डाव्या कानापाशी फुगवटा. चांदवडकडच्या, घरचा कांदा. नाव कौसाबाई.

"तुमचं बी तेच?" त्यांनी थेट विचारलं.

"तेच."

"माह्या सासरच्यांनी सांगितलं, गालगुंड हाय, जाईल. गालगुंड का चार वर्सं राहतं? येडे समजतात बाईला." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "तुमची लय मोठी नाय."

इथेही तुलना! पण मला बरं वाटलं. त्या बाकावर कोणी मला लाखात एक म्हणालं नाही.

पलीकडे हरसूलच्या बाजूचा एक माणूस होता.  त्याच्या गाठीवर काळे गोल व्रण होते, तापलेल्या लोखंडानं डाग दिल्याचे. त्याच्या गावात गाठीवर तोच इलाज. कौसाबाईंनी त्याच्याकडे बघून तोंड फिरवलं आणि पिशवीतून भाकरी काढून त्याच्यापुढे धरली. त्यानं घेतली.

तिघं एका बाकावर. मी आत गेल्यावर सर्जन बाईंना म्हटलं, "मॅडम, दुर्मिळ म्हणता ना? बाहेर बाक भरलाय."

त्यांना राग आला नाही. म्हणाल्या, "पुस्तकात दुर्मिळ आहे. इथे सगळीकडून पाठवतात, म्हणून तुम्हाला बाक भरलेला दिसतो. पण आपल्या भागात खरंच किती आहेत, ते मला विचाराल तर मला माहीत नाही. जे माझ्यापर्यंत येतात तेवढेच मी मोजू शकते."

हे मात्र मला समजलं. तागडीत पडेल तेवढंच तागडी सांगते. ज्याच्यावर लेप लागला, ज्याला डाग दिला, ज्याला गालगुंड म्हणून घरात बसवलं, आणि नानाशेठ, ज्यांना आम्ही गुरू केलं, ते कुठे मोजले गेले? कुठेच नाही. आणि मग एखादा टाय घातलेला गृहस्थ भाषणात सांगणार, आपल्याकडे हा आजार फारसा नाही. मोजलंच नाही तर असेल कुठून?

टाके

ऑपरेशनच्या सकाळी नर्सनं कानातली भिकबाळी काढायला लावली. लहानपणी आजोबांनी स्वतः टोचून घातलेली ती. ती मंदाच्या तळहातावर ठेवली आणि मला रडू फुटलं. आत नेईपर्यंत मी वॉर्डबॉयला, भिंतीच्या रंगाला, सगळ्याला नावं ठेवत होतो. भीती वाटली की मी शिव्या देतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

शुद्धीवर आल्यावर बाईंचा आवाज आला. "डोळे मिटा. भुवया उचला. दात दाखवा."

डोळा मिटला. भुवई उचलली. दात दाखवले, आणि बाईंच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी आलं आणि गेलं. "नस शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "ओठाची फांदी थकली आहे. वाट बघू."

वाट बघू! पाणी प्यायलो तर उजव्या कोपऱ्यातून गळून मानेवरच्या पट्टीवर. वॉर्डातल्या मावशी, जाडजूड, तोंडाळ, त्यांनी न विचारता चहात स्ट्रॉ घालून दिली आणि वर दमही दिला, "सांडायचं नाय. चादर मला धुवावी लागती." त्या अख्ख्या आठवड्यात मला सगळ्यात मायेचं वाटलेलं वाक्य हे.

कानाची पाळी बधिर झाली. मी इतक्या बाळांचे कान टोचलेत, आणि आता माझाच कान कोणी टोचला तर मला कळणार नाही. मंदानं भिकबाळी परत घातली तेव्हा मला विचारावं लागलं, "घातलीस का?"

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. आरशासमोर बसायचं, भुवया वर, डोळे गच्च, शीळ, दात, गाल फुगवा. आणि ग्लासात पाणी घेऊन स्ट्रॉनं बुडबुडे काढायचे. उभा जन्म फुंकणी मारलेला माणूस स्ट्रॉनं बुडबुडे काढतोय! तेही निघत नव्हते. हवा कोपऱ्यातून फुस्स. मी ग्लास भिंतीवर फेकला. निखिलनं काचा गोळा केल्या, स्टीलचं भांडं आणलं, आणि दुसरी स्ट्रॉ हातात दिली. मग शेजारी बसून स्वतःच्या भांड्यात बुडबुडे काढायला लागला. शोरूममधला कोट अंगात तसाच. त्यालाही नीट जमत नव्हतं. मी त्याला म्हटलं, "गाल सैल सोड, गाढवा." रोज संध्याकाळी आम्ही दोघं तेच करत बसायचो. माफी कोणी मागितली नाही. आमच्यात तशी पद्धत नाही.

काढलेल्या गाठीचा निकाल चांगला आला. उन्हाळा गेला, पावसाळा आला. मिसळ खाताना उजव्या गालाला घाम यायला लागला, फक्त तेवढ्याच जागी. बाई म्हणाल्या, नसा नव्यानं जुळताना असं होतं. मी म्हटलं, लाळेच्या जागी घाम, वा रे कारागिरी! असला उलटा सांधा मी दिला असता तर गिऱ्हाईक टिकलं नसतं. पण मिसळ खात होतो. ओठ मात्र कोपऱ्यात झोपलेलाच.

पैज

मी बाकड्यावर परत बसलो तेव्हा गल्ली बघायला जमली. दिवा लावला, फुंकणी धरली, फुंकलं. ज्योत थरथरली आणि विझली.  सगळे नुसते बघत उभे राहिले, ते मला शिव्यांपेक्षा वाईट लागलं. फक्त प्रभाकर समोरून ओरडला, "सांगितलं होतं! निशाणी कापली, कारागिरी गेली!"

त्यानंतर मी गल्ली उघडायच्या आधी येऊन फुंकायचो. रोज. कधी ज्योत अर्धवट आडवी व्हायची, कधी नाहीच.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. बाजारात गर्दी, प्रभाकरकडे काम आणि माझ्याकडे माश्या. तो माझ्या बाकड्यावर येऊन टेकला आणि बोलला, "अरुण्या, घे आता टॉर्च. पोराकडून शिकून घे."

माझं डोकं फिरलं. एका बाईचं तुटलेलं पैंजण पडलं होतं, ते उचललं. सांध्याला टाकणखार लावला, म्हणजे झाळ नीट पसरते, आणि वर चांदीच्या झाळेचा बारीक तुकडा ठेवला. म्हटलं, "बस इथेच. मी हा सांधा दिला तर तू माझ्याबरोबर इस्पितळात यायचं. नाही दिला तर मी फुंकणी गोदावरीत टाकतो."

"टाकच," तो म्हणाला.

मी फुंकलं. ज्योत आडवी झाली. कोपऱ्यातून हवा सुटायला लागली, ती मी डाव्या हाताच्या बोटानं ओठ दाबून अडवली. हे कोणत्याच उस्तादानं शिकवलेलं नाही. नाकानं श्वास, गालांतून हवा. ज्योत बारीक झाली, टिकली. झाळ चमकली आणि पाण्यासारखी सांध्यात पळाली.

मी फुंकणी खाली ठेवली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. गल्लीतले दोघे-तिघे टाळ्या वाजवायला लागले.

"बोट लावून फुंकतोस?" प्रभाकर म्हणाला. "ही काय कारागिरी? आण इकडे. बघ, खरी फुंकणी कशी असते."

त्यानं फुंकणी घेतली आणि फुंकलं. ज्योत हलली. पुन्हा फुंकलं. फुस्स आवाज आला आणि दिवा विझला.

"तुझी फुंकणी खराब आहे," तो म्हणाला आणि स्वतःची घेऊन आला. दिवा लावला. फुंकलं. फुस्स.

तो आवाज मी सात महिने ऐकत होतो. झोपेतही ओळखला असता. पण मला तो आवाज सर्जनच्या सुरीनं दिला होता. प्रभाकरला कोणी हात लावला नव्हता.

"गाल फुगव," मी म्हटलं.

"कशाला?"

"फुगव म्हणतो ना!"

त्यानं फुगवले. डावा कोपरा सुटला. मी त्याला डोळे गच्च मिटायला सांगितले. उजवा मिटला. डाव्या पापणीखाली पांढरी रेघ उरली. मला नानाशेठ दिसले. लहानपणी बघितलेला तो न मिटणारा डोळा, जसाच्या तसा.

मी बाकड्याची फळी ओढली. ऐन दिवाळीत, भर दुपारी. त्याच्या हाताला धरून रिक्षात घातलं. वाटेत तो म्हणत होता, काम जास्त आहे म्हणून थकवा आलाय, रात्री पंख्याखाली झोपलो होतो. मी फोनवर मंदाला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "बरं झालं. शेवटी सोनारानंच कान टोचले."

बाक तोच. बाईंनी प्रभाकरला तपासलं, मला बाहेर बोलावून बोलल्या, पुन्हा आत गेल्या. सुई उद्यावर टाकली नाही, लगेच घातली. मग त्याला माझ्याशेजारी आणून बसवलं. मानेवर कापसाचा बोळा चिकटवलेला. तो बोळा बोटानं चाचपत बसला.

"लाखात एक ना रे?" तो म्हणाला.

 एवढ्या महिन्यांत मी त्याला ऐकवण्यासाठी केवढं साठवून ठेवलं होतं! त्यातलं एकही वाक्य मला आठवेना.

"पैज जिंकलास," तो म्हणाला. "हस की आता, लेका."

मी हसायचा प्रयत्न केला. माझं तोंड डावीकडे ओढलं गेलं. माझ्याकडे बघून त्यालाही हसू आलं, आणि त्याचं तोंड उजवीकडे गेलं.

"अरुण्या," तो हळूच म्हणाला, "बोट लावून फुंकायचं मला शिकवशील ना?"